माझे जोड कच्चे नव्हते

आमच्या सासरी सगळ्यांना माहीत आहे की लग्नाआधी मी अमरावतीत शिवणक्लास घेत होते. मला आजही धड बटण लावता येत नाही.

हे खोटं माझ्या मामांचं. अकोल्याचं स्थळ त्यांनीच आणलं होतं. भाची एमआयडीसीतल्या कारखान्यात टेबलाशी बसून स्टॅबिलायझरचे बोर्ड सोल्डर करते, हे सांगायला त्यांची जीभ वळेना. "पोरगी घरीच शिवणक्लास घेते," असं ते भर बैठकीत बोलून गेले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. मामांवरचा राग कधीच ओसरला. त्या हललेल्या मानेचा अजून येतो.

शिक्षा लगेच सुरू झाली. धाकट्या जावेनं नवी साडी घेतली की पिशवी घेऊन हजर. "ताई, एवढा फॉल लावून द्या ना." मी पिशवी ठेवून घ्यायची आणि दुपारी गल्लीत सामसूम असताना जठारपेठेतल्या एका टेलरकडे नेऊन द्यायची. "हातानं लावल्यासारखा लावा," एवढंच सांगायची. तो बिचारा कधी काही विचारायचा नाही. जाऊ साडी उलटीपालटी करून म्हणायची, "तुमचा हात लय सफाईचा हाये." चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. दारात पिशवी दिसली की वाटायचं, आज पकडली जाणार. हे सगळं तीस वर्षं चाललं.

यांना मात्र लग्नानंतर पंधरा दिवसांतच कळलं होतं. माझ्या बोटावरचा भाजल्याचा डाग पाहून त्यांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं. ते म्हणाले, "आता कुठं सांगत बसतं सगळ्याईले? राहू दे." ते राहिलं ते राहिलंच.

खरं सांगायचं तर त्या कारखान्यातली आठ वर्षं हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात ताठ मानेचा काळ. लांब टेबल, दोन्ही बाजूंना आम्ही बाया, आणि प्रत्येकीच्या हातात सोल्डरिंगची गन. शिकवायला एक वयस्कर आपा होत्या. त्यांचा एकच मंत्र होता, "गन को मत खिला, जोड को खिला." म्हणजे आधी जागा गरम करायची, मग शिशाची तार जागेला लावायची. शिसं आपोआप पसरतं आणि जोड चकाकतो. गनवर शिसं वितळवून वरून थापलं की जोड मळकट दिसतो, आज चालतो आणि महिन्यानं सुटतो. त्याला ड्राय सोल्डर म्हणत. परत आलेल्या बोर्डांसाठी दाराशी एक टोपली असे. शेवटच्या तीन वर्षांत त्या टोपलीत माझा एकही बोर्ड आला नाही. लग्न ठरल्यावर आपा म्हणाल्या होत्या, "हाथ मत भूलना." मी नुसती हसले होते.

गेल्या उन्हाळ्यात यांनी जुना अ‍ॅम्प्लिफायर भंगारात काढायचं ठरवलं. मोठ्या हौसेनं घेतलेला होता, सोबत दोन पेटीएवढे स्पीकर. कॅसेटी गेल्या, नव्या फोनला पिन घालायचं भोकच नाही, म्हणून तो चादरीखाली पडून होता. मी म्हटलं, थांबा जरा. फोनमध्ये गाणं असतं ते नुसत्या आकड्यांत. अ‍ॅम्प्लिफायरला आकडे कळत नाहीत, त्याला वीज खालीवर होताना लागते. दोघांच्या मध्ये दुभाषी बसवावा लागतो. त्याला डॅक म्हणतात, आणि तो सुट्या भागांत मिळतो, आपण जोडायचा. मी तो मागवला. पार्सल आलं तेव्हा हे म्हणाले, "हे कायले?"

"जोडाले."

"रेडिमेड भेटत असन ना."

"भेटते. पण मले जोडाचा हाये."

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पाट ठेवून त्यावर मी सगळं मांडलं. पुडीत हिरवा बोर्ड, चिमुकले रेझिस्टर, कॅपॅसिटर, एक ट्रान्सफॉर्मर आणि लाल-पांढऱ्या पिनांसाठी दोन सॉकेट. नव्या गनचं टोक तापलं, राळेचा तो वास आला आणि माझे डोळे भरून आले. धुरानं नाही. पहिले चार जोड अडखळत झाले. पाचव्यापासून हातानं मला विचारणं सोडलं. फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर मेलेला होता, त्याची पत्र्याची पेटी रिकामी करून सगळं आत बसवलं. आवाजाची तार ट्रान्सफॉर्मरपासून लांब फिरवली, अर्थिंगची हिरवी वायर पेटीला पक्की कसली. डावा-उजवा आवाज पहिल्यांदा मी उलटा जोडला होता. ते कोणाला कळायच्या आत बदललं, आज पहिल्यांदा सांगते आहे.

आणि चालू केलं तर, घूंऽऽऽ. गाण्याखाली एकसारखी घरघर. भिंगानं एकेक जोड पाहिला. सगळे चकाकत होते. तरी मनात किडा शिरला की तीस वर्षांत हात गेला असेल. दोन जोड पुन्हा तापवले. ते तापवताना मला माझीच लाज वाटली, कारण त्यात काही वाईट नव्हतं हे मला दिसत होतं. घरघर तशीच राहिली.

रविवारी भाऊजी आणि जाऊ आमरसाच्या जेवणाला आले. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. अर्ध्या जठारपेठेची वायरिंग त्यांनी केलेली, आमच्या घराचीही. माणूस मनानं चांगला, पण वायरीच्या बाबतीत त्यांच्यापुढं कोणी बोलायचं नाही. जेवणं झाल्यावर यांनी कौतुकानं डॅक लावून दाखवला. भाऊजींनी कान दिला आणि दुसऱ्याच क्षणी निकाल लावला.

"वैनी, यूट्यूब पाहून हे होत नाही. जोड कच्चे हायेत तुमचे."

"माह्ये जोड कच्चे नाईत."

"मंग घूं कायची हाये? द्या इकडं, आमच्या पोट्ट्याईजवळून करून आणतो."

मी डब्यावर हात ठेवला. "नाई देत," म्हटलं. जाऊ चमकली, दिरांशी इतक्या ठामपणे मी कधी बोलले नव्हते. हे मधे पडले, "जाऊ दे ना बाप्पा," आणि नीट ऐकू यावं म्हणून उठून कूलर बंद केला.

घरघर निम्मी झाली.

"कूलर लावा बरं पुन्हा," मी म्हटलं. त्यांनी लावला. घरघर वाढली. बंद केला, कमी झाली. तो पुन्हा लावायला सांगून मी चप्पल काढली आणि कूलरच्या पत्र्याला बोटं टेकवली. झिणझिण्या आल्या. दर उन्हाळ्यात येतात, आणि दर उन्हाळ्यात भाऊजी सांगतात की चप्पल घालून हात लावत जा. मग डॅकच्या पेटीला बोटं टेकवली. तशाच झिणझिण्या.

कारखान्यातून एक गोष्ट मी आणली होती, टेस्ट लॅम्प. होल्डरमध्ये पिवळा बल्ब आणि बाहेर दोन वायरी. एक वायर सॉकेटमधल्या फेजला आणि दुसरी न्यूट्रलला लावली, बल्ब लख्ख पेटला. दुसरी वायर काढून अर्थिंगच्या भोकात घातली. बल्बच्या आतली तार नुसती लाल झाली, विझत्या उदबत्तीएवढी.

"भाऊजी, पहा. जोड माह्ये पक्के हायेत. अर्थिंग सुकलं हाये. कूलर-फ्रिजची गळकी वीज जमिनीत न जाता माह्या डब्यात येते."

भाऊजी वाकून बल्बकडे पाहत राहिले. ते या धंद्यातले, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात आहे. त्यात उन्हाळ्यात पाणी ओतायचं असतं, नाहीतर आपली काळी माती भेगाळते आणि गाडलेल्या पाइपाला सोडून देते. आणि त्याच्या आदल्या वर्षी भाऊजींनीच माणसं लावून तिथं फरशी बसवून दिली होती. पाणी ओतायचं तोंड फरशीखाली गेलं.

मी कोपऱ्यातली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलली आणि भर दुपारी मागच्या अंगणात गेले. हे मागोमाग आले. "अवं, नवी फरशी हाये थे."

"मले माहीत हाये."

दोन फरश्या निघाल्या. खाली मातीला बोट जाईल एवढी भेग. मी बादली मागितली तर हे म्हणाले, "नळ पाचव्या दिवशी येते, अन् तू पाणी जमिनीत वततं?" मी कूलरच्या टाकीतलं शिळं पाणी काढलं, त्यात खडेमीठ टाकलं. पहिली बादली मातीनं आवाज करत पिऊन टाकली. दुसरी बादली भाऊजींनी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः ओतली. तिसरी हळूहळू मुरली.

घामाघूम होऊन आत आलो. कूलर चालूच ठेवला. माझ्या एका भाचीनं कौंडण्यपूरच्या जत्रेतून पाठवलेलं खंजिरी भजन फोनवर लावलं. भजन सुरू व्हायच्या आधी तिथं कोणीतरी खोकलं, कोणीतरी तांब्या खाली ठेवला. इतके दिवस ते मला ऐकूच आलं नव्हतं. मग खंजिरी वाजली, तिच्या चकत्या एकेक वेगळ्या. घरघर गेली होती.

जाऊ म्हणाली, "बाप्पा, यूट्यूबवर इतकं शिकोतात?"

बिचारीनं कौतुकानंच म्हटलं. मी मान हलवली असती तर विषय तिथंच मिटला असता. मान हलवायची सवय होतीच.

"यूट्यूब नाई," मी म्हटलं. "लग्नाच्या आंधी आठ वर्षं मी अमरावतीले कारखान्यात सोल्डरिंग केलं. दिवसभर तेच काम. शिवणक्लास मी कधीच घेतला नाई. मामा खोटं बोलले अन् मी हो म्हटलं."

भजन चालूच होतं. मी यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षं 'राहू दे' म्हणणारा माणूस, आता काय म्हणतो ते मला पाहायचं होतं. त्यांनी फोनचा आवाज कमी केला.

"खरं हाये," ते म्हणाले. "मले माहीत होतं. मीच तिले बोलू देलं नाही."

भाऊजी पाण्याचा ग्लास हातात घेऊन बसले होते. जाऊ मनातल्या मनात हिशेब लावत असावी. मग हळूच म्हणाली, "मंग माह्या साड्याईचे फॉल कोनं लावले?"

"जठारपेठेतल्या टेलरनं."

ती आधी चिडली. मग दोन दिवस बोलली नाही. खोटं मी तिच्याशीच सगळ्यात जास्त बोलले होते, तिचा राग मी निमूट घेतला.

पुढच्या रविवारी ती पुन्हा पिशवी घेऊन दारात उभी. सवयीनं माझ्या डोळ्यांपुढे टेलरचं दुकान आलं. पिशवीतून तिनं बंद पडलेला स्टॅबिलायझर काढून ओट्यावर ठेवला. "यायले काही सांगतलं नाही मी," ती म्हणाली. 'यायले' म्हणजे भाऊजींना. "गुपचूप करून द्या. टेलरनं केला म्हून सांगीन."

ती हसत होती. मीही हसले, आणि गनचं बटण दाबलं.

"करून देते," मी म्हटलं. "पण कोनं केला म्हून कोनी इचारलं, त माहं नाव सांगाचं."