पंपावरचा लाल ठिपका

दसऱ्याला सोसायटीतल्या गाड्यांना कुंकू लावायला बोट ओलं केलं ना, की मला मालाडचं ते गॅरेज आठवतं. ऑइलचा वास, आणि त्यात गळणाऱ्या कूलंटचा गोडसर वास.

आमचं घर तेव्हा एका जुन्या पिकअपवर चालायचं. तिचा वॉटर पंप गेला आणि इंजिन तापायला लागलं. ह्यांचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून गॅरेजात मी जाऊन बसले. हे म्हणाले होते, "बाबल मेस्त्री माझा दोस्त आहे गं, उगाच संशय घेऊ नकोस." पण मी ऐकलं होतं, काही मेस्त्री जुनाच पंप घासूनपुसून परत बसवतात. इंजिन थंड होईपर्यंत बाबल चहाला गेला, तशी मी पर्समधलं नेलपॉलिश काढलं आणि जुन्या पंपावर हळूच एक लाल ठिपका दिला.

दुपारी तो म्हणाला, "झालं, वहिनी." मी वाकून बघते तर पंपावर लाल ठिपका! माझं डोकंच फिरलं.

"लाज नाही वाटत, मेस्त्री? दोस्तालाच टोपी घालता?"

"हात लावून बघा," तो शांतपणे म्हणाला.

बोटाला कुंकू आलं. नवा पार्ट बसवला की तो कुंकू लावायचा म्हणे. मग त्याने जुना पंप माझ्या हातात दिला. माझा ठिपका त्यावर तसाच चमकत होता.

"काढतानाच बघितला होता मी," माझ्या नखांकडे बघत तो म्हणाला.

तेव्हा मला फक्त माझ्या फजितीची लाज वाटली. आता वाटतं, आपल्याला चोर समजतात हे कळल्यावरसुद्धा त्या माणसाने आमच्या गाडीला कुंकू लावलं होतं.