मास्तरांनी गाडी बाजूला घ्यायला लावली

गाडी शिकवून शिकवून मास्तरांचा उजवा गुडघा कामातून गेला होता. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय तयार ठेवायचा आणि "सावकाश, सावकाश" म्हणत राहायचं, यातच दिवस जायचा. लढाईत घरदार गेलं तेव्हा ते बायकोला घेऊन या शहरात आले. मागून त्याच वाटेने आलेल्या निम्म्या लोकांना स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं.

आपल्या लोकांतल्या दोघांनी एकाच वर्षात जीव दिला, तेव्हा इथल्या मंडळाने अशा माणसाला वेळीच ओळखून सावरायचं प्रशिक्षण ठेवलं. अध्यक्षीणबाईंनी मास्तरांना गळ घातली. माणूस तासभर तुमच्याशेजारी एकटा असतो, एवढा वेळ तर डॉक्टरलाही मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांना सुट्टीचं झोपायचं होतं. तरी गेले.

वाचनालयाच्या तळघरात खुर्च्या मांडल्या होत्या. शिकवणाऱ्या बाई दुभाष्यामार्फत तेच तेच सांगत होत्या, की आडून विचारू नका, सरळ विचारा. विचारल्याने नसलेला विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. मग जोड्या लावून सराव. मास्तरांच्या वाट्याला केस कापणारी एक बाई आली.

"मास्तर, तुम्हाला मरावंसं वाटतं का?"

"रोज. पार्किंग शिकवताना."

दोघंही हसले. शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना पहिल्यापासून करायला लावलं. त्या वेळी कुणी हसलं नाही.

पुढे मोजणीदाराचा प्रसंग घडला. तिकडे जमिनी मोजणारा सरकारी अधिकारी, इकडे गोदामात खोकी उचलत होता. गाडी शिकताना जरा चुकलं की स्वतःलाच शिव्या घालायचा. त्या दिवशी मात्र गिअर चुकत गेला आणि त्याने अवाक्षर काढलं नाही. मग म्हणाला, माझ्या उरलेल्या शिकवण्या बायकोला द्या, मला आता गरज पडणार नाही. नोकरी बदलताय का, असं मास्तरांनी विचारलं. तो नुसता हसला.

एका शाळेच्या कुंपणाशी मास्तरांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि इंजिन बंद करायला सांगितलं. मनात आलं, आज नको, अंग मोडून आलंय, सरळ घरी जावं. मग विचारलंच.

"जीव द्यायचं मनात आहे का तुमच्या?"

मोजणीदार समोर बघत म्हणाला, "आहे. आजवर कुणी विचारलं नव्हतं."

समजूत घालत बसायचं नाही आणि एकटं सोडायचं नाही, एवढंच मास्तरांच्या डोक्यात उरलं होतं. ते ऐकत राहिले. मुलगी घरची भाषा विसरत चालली होती. गोदामातला मुकादम बोटाने बोलवायचा. डोळ्याला डोळा लागत नव्हता. जीव द्यायला घरात काही जमवून ठेवलंय का, तेही मास्तरांनी विचारलं. तो हो म्हणाला, तेव्हा त्याच्या बायकोला फोन करून ते शेजारी द्यायला लावलं. त्या दिवशीच्या बाकीच्या शिकाऊंना आज येत नाही म्हणून कळवलं आणि त्याला दवाखान्यात नेलं. नंबर लागेपर्यंत दोघं बाकावर बसून होते. बायको धावत आली. "मला का नाही सांगितलंत?" एवढंच तिने नवऱ्याला विचारलं. त्याने सरकून तिला बाकावर जागा करून दिली.

घरी मास्तर दमलो म्हणाले आणि न जेवताच आडवे झाले.

मोजणीदार सावरला, पण एका झटक्यात नाही. मन पुन्हा बुडालं की मास्तरांना फोन करायचा, तोही नेमका जेवायच्या वेळी. हळूहळू इतरांचेही फोन यायला लागले. मास्तरांनी अध्यक्षीणबाईंना स्पष्ट सांगितलं, की आणखी माणसं तयार करा, हे माझ्या एकट्याच्याने व्हायचं नाही. त्यांनी पुन्हा प्रशिक्षण ठेवलं. या वेळी तळघर निम्मंच भरलं.

थंडी सरल्यावर मोजणीदार परीक्षेला बसला आणि वळणावर नापास झाला. गाडीतून उतरला तो तणतणतच. परीक्षकाला डोळे नाहीत म्हणे, मागचा उगाच हॉर्न मारत होता म्हणे. किती दिवसांनी तो असा चिडला होता. मास्तरांनी त्याला पोटभर बोलू दिलं. मग पुढची तारीख घ्यायला दोघं खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभे राहिले.