एका तुकड्याने अडलेली रजई

आमच्या गल्लीतले शिंपीमास्तर म्हणजे काळजीचं कोठार. सुईत दोरा ओवला गेला तरी त्यांना वाटायचं, इतक्या सहज कसा गेला? त्यातून मुलगी नोकरीसाठी परमुलखात निघालेली. उद्या दुपारची गाडी. जाण्याआधी तिचं एकच मागणं होतं, "बाबा, आईचे सगळे कपडे एका रजईत हवेत. एक चिंधीसुद्धा मागे ठेवू नका."

मास्तरांनी गेलेल्या बायकोचे कपडे कापले, इंचाइंचाचे चौकोनी तुकडे केले. एका ओळीत एकशे दोन, अशा एकशे दोन ओळी, बिनचूक चौरस, हा बेत. ओळी शिवत गेले, आणि शेवटच्या ओळीला कापडच संपलं. तुकडे भरले दहा हजार चारशे तीन. हवे होते दहा हजार चारशे चार!

त्या शेवटच्या ओळीची पट्टी खाली लावून पाहिली. कोपरा उघडा. पडलेल्या दातासारखा.

"माझ्या झग्याचा लावा की एक," दुकानात काजं-बटणं करणारी बाई म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"मला कळेल."

"मग ती पट्टीच टाका."

"एकशे एक तुकडे टाकू? तिला काय सांगू?"

 सगळं उसवून दुसऱ्या मापात बसवावं म्हणून मास्तरांनी खडू घेतला आणि कापायच्या टेबलावरच भागाकार मांडले. साताने भागलं, एक उरला. तेराने भागलं, तीन उरले. सतराने तर एकच कमी पडला, मेल्याने तोंडाशी आणून घास काढला. दोनपासून शंभरपर्यंत एकालाही भाग जाईना. शंभराच्या पुढे जायची छाती नव्हती.

"हा आकडा आहे की माझी सासू?" बाई म्हणाली. "कुणाशीच जमत नाही!"

 मास्तरांनी पट्टी पुन्हा हातात घेतली. मग हाताला आपली जुनी खोड आठवली. गिऱ्हाइकाला कपडा तंग झाला, की मास्तर बाजूने पट्टी जोडून सैल करून देत. त्याच सवयीने त्यांनी ती पट्टी उभी केली आणि रजईच्या कडेला धरली. इथेही एक कमी पडणार, हे धरूनच.

टोकाला टोक जुळलं.

"पुन्हा धरा," बाई म्हणाली.

पुन्हा जुळलं. खालची अर्धवट ओळ काढल्यावर ओळी उरल्या होत्या एकशे एक, आणि पट्टीतही तुकडे तेवढेच. म्हणजे एकशे एक ओळी, ओळीत एकशे तीन. शंभराच्या उंबरठ्यापलीकडेच हे दोघं भाऊ बसले होते आणि मास्तर अलीकडूनच परत फिरले होते.

पण आता नवीन घोर. एक बाजू दोन इंच लांब! चौरस गेला.

सकाळी मुलीने रजई पलंगावर पसरली. चारी बाजू निरखल्या. 

"बाबा, ही चौरस नाहीये."

"नाही... म्हणजे... तुकडे सगळे आहेत गं. एकूण एक."

"आई तरी कधी कुणाच्या चौकटीत बसली?" म्हणत तिने रजईत तोंड खुपसलं.

मास्तरांनी हळूच शिवण ओढून पाहिली. प्रवासात उसवली तर?