‘पायठेका’ बंद केल्यावर

देवव्रत आजकाल रात्री दहाच्या आत झोपतो, आणि ते मला बघवत नाही. चाळिशीला टेकलेला मुलगा वेळेवर झोपतो म्हणून आईने काळजी करावी, हे ऐकून कुणीही हसेल. त्याचे वडील, शामसुंदर, हसतातच. म्हणतात, "पंधरा वर्षं मी सांगत होतो, आवाज कमी कर आणि वेळेवर झोप. आता दोन्ही करतोय, तर तू उठून बसतेस." पण हसून झाल्यावर तेही बराच वेळ कूस बदलत असतात, हे मला अंधारात कळतं.

पूर्वी लग्नसराईत देवू पहाटे घरी यायचा. अंगाला हळदीचा, जनरेटरच्या डिझेलचा आणि मांडवातल्या धुळीचा वास. आला की झोपायचा नाही. आमच्या देवळाली कॅम्पच्या घरामागे मोटारीचं गॅरेज आहे, तिथे जाऊन रात्री मांडवात टिपून आणलेले आवाज वाजवून बघायचा. त्या गॅरेजच्या भिंतींवर त्याने माझ्या सासूबाईंच्या गोधड्या खिळे मारून टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. तिथेच त्याची कंपनी. ‘पायठेका रेकॉर्ड्स’. नाचायच्या संगीताची कंपनी. दिवाळीनंतर आठ-पंधरा दिवसांत ती त्याने बंद केली.

बंद करायला काही समारंभ लागला नाही. मोबाइलवर दोन ओळी टाकल्या: पायठेका आजपासून बंद, सगळ्यांचे आभार. मग फोन उलटा ठेवून मला विचारलं, भाजी कोणती आहे.

आमच्या नात्यात हे कुणाला फारसं लागलं नाही. त्याचे आजोबा गोदाघाटावर पूजा सांगायचे, आणि नातू हळदीला लोकांना नाचवतो, हे नणंदेच्या घशाखाली कधीच उतरलं नव्हतं. प्रत्येक कार्यात ती मला विचारायची, "काय गं, इंजिनीअर झाला ना तुझा मुलगा? मग अजून डीजेच का?" तो डीजे नव्हता, हे सांगून मी थकले. डीजे लोक जे वाजवतात ते तो बनवायचा. सटाण्यापासून नवापूरपर्यंत आणि पलीकडे गुजरातेत डांगातही हळदीला जो नाच चालतो, खाली खोल ठोका आणि वर संबळ किंवा पावरी, ती चाल लोकांच्या पायात पहिल्यांदा या गॅरेजमधून गेली. पुढे शंभर जणांनी तशी गाणी केली. सुरुवात कुठून झाली हे मात्र कुणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसण्याला एक कारण आहे.

या धंद्यात गाणं चालू असताना मध्येच कंपनीचं नाव ओरडून घेतात. त्याला ते टॅग म्हणतात. चोरी होऊ नये म्हणून गाण्यावर मारलेला तो शिक्काच. देवूने तो कधी मारला नाही, कारण त्याने यादवबाबांना शब्द दिला होता.

यादवबाबा सुरगाण्याच्या पलीकडच्या पाड्यावर राहतात. पावरी वाजवतात. भोपळा, बांबू, टोकाला शिंग आणि वर मोरपिसं, असं ते वाद्य. श्वास न तोडता फुंकत राहायचं. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात त्यांच्या पावरीवर माणसं रात्रभर नाचतात. त्यांच्या घरचा एक नेम आहे. पावरी तोंडाला लावली की ती खाली ठेवेपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही. वाजवणारा नाही, शेजारचा नाही, घरातलं कुणीच नाही. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा गॅरेजमध्ये जाण्याआधी त्यांनी देवूकडून तेवढंच कबूल करून घेतलं. "माझ्या वाजवण्यात माणसाचा आवाज नको, देवा. मग बाकी काय करायचं ते कर."

गंमत अशी की त्याच दिवशी तोफखान्याच्या मैदानावर सराव चालू होता. आम्हाला त्याची सवय, आम्ही ऐकतही नाही. पण बाबा वाजवत असताना एक धडाका झाला आणि तो त्यात टिपला गेला. देवू बाहेर आला तो चेहरा पडलेला. आता हे सगळं वाया. बाबा मागून आले, ओट्यावर बसले, माझ्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, "राहू दे की. तोफ काय माणूस हाय?" देवूने तो धडाका तसाच ठेवला. पुढच्या लग्नसराईत पोरं बरोबर त्या जागी उडी मारायची. नंतर बाकीच्या डीजेंनी आपापल्या गाण्यांत खोटे धडाके घातले. त्यांच्याकडे तोफा नव्हत्या, तर एकाने म्हणे रिकाम्या टाकीवर पोतं आपटलं. देवू हे सांगताना इतका हसायचा की त्याला ठसका लागायचा.

मीच त्याला म्हणायचे, मध्ये नको तर नाव निदान सुरुवातीला टाक. त्याने टाकून बघितलं. लोक तेवढा तुकडा कापून पुढचं वापरत. मग त्याने नाद सोडला. गाणी फिरतायत, लोक नाचतायत, बास, म्हणाला. शब्द दिलाय म्हणजे दिलाय.

मागच्या वर्षी बाहेरच्या एका मोठ्या कंपनीने त्याची गाणी उचलली, त्यावर स्वतःचं नाव ओरडून घेतलं आणि इंटरनेटवर चढवली. पुढचं मला समजायला दोन-तीन वेळा ऐकावं लागलं. तिथे माणूस निवाडा करत नाही, मशीन करतं. मशीनला त्या कंपनीच्या गाण्यावर नाव सापडलं, देवूच्या गाण्यावर सापडलं नाही. म्हणून देवूचं मूळ गाणं नक्कल ठरलं. एकापाठोपाठ एक गाणी उतरवली गेली. तो दाद मागायचा, उत्तर यायचं, तेही मशीनचंच. शेवटी त्याच कंपनीतून एका मुलाचा अगदी गोड फोन आला. "सर, तुम्ही आमच्यासाठीच करा ना. फक्त टॅग आमचा राहील." देवू त्याच्याशी नीट बोलला, विचारपूस केली, आणि नको म्हणाला. नंतर गॅरेजमध्ये जाऊन त्याने गोधड्या उतरवल्या. मी त्या धुऊन वाळत घातल्या. दुसरं काय करणार?

आता तो अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामात कॉम्प्युटरवर मालाची नोंद करतो. डबा घेऊन जातो, वेळेवर येतो. परवा लॅम रोडवरून वरात चालली होती आणि वाजत होतं ते त्याचंच गाणं, मध्ये त्या दुसऱ्याचं नाव ओरडलेलं. आम्ही तिघं जेवत होतो. मी ताटाकडे बघत राहिले. शामसुंदर उठून खिडकी लावायला गेले, तर देवू म्हणाला, "राहू द्या बाबा. गरम होतंय." आणि भात कालवत राहिला. पूर्वी जेवतानाही त्याची बोटं ताटाच्या काठावर चालायची, मी ओरडायचे. त्या दिवशी ती बोटं अगदी स्वस्थ होती.

यादवबाबांचे फोन तो घेत नाही. मग ते माझ्या फोनवर करतात. "बाई, देवा कुठं हाय? बरा हाय ना?" मी सांगते, कामात आहे, सांगते त्याला. देवूने मला बजावलं आहे की कंपनी बंद झाल्याचं त्यांना बोलायचं नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "आई, त्यांची पावरी आता गावोगाव वाजतेय आणि मध्ये एक माणूस ओरडतोय. ते मला विचारतील, देवा, तू काय कबूल केलं होतंस? मी काय सांगू? मशीन म्हणून सांगू?"

आता जे उद्यावर येऊन ठेपलंय ते सांगते. गॅरेजमधलं सगळं सामान गेलं, फक्त हार्ड डिस्क राहिल्या आहेत. सगळ्या वर्षांचं मूळ वाजवणं त्यांत आहे, कुणाचंही नाव न ओरडलेलं. देवूचा मित्र वाल्मीक दुकानांमध्ये कॅमेरे बसवतो. त्याला डिस्क लागतात. त्या पुसून तो त्यावर दुकानांतलं चित्रण साठवणार. शनिवारी सकाळी दहाला तो न्यायला येतो आहे, म्हणजे उद्याच.

हे कळलं तेव्हा मी देवूला म्हटलं, "अरे, कपाटात राहू दे ना. खायला मागतात का त्या?"

"कपाटात राहिल्या की कधीतरी कुणाच्या तरी हातात जातील," तो म्हणाला. "मग त्यावरही शिक्का बसेल. त्यापेक्षा पुसलेल्या बऱ्या. एवढा तरी शब्द पाळू दे मला."

हा हट्ट नव्हता. कंपनी कशामुळे बुडाली ते त्याला माहीत आहे, आणि ज्यामुळे बुडाली तेच धरून तो उरलेलं बुडवायला निघाला आहे.

आज संध्याकाळी पाचच्या सुमारास दीपकचा फोन आला. दीपक यादवबाबांचा जावई, जीप चालवतो. पाड्यावर नीट रेंज नाही, म्हणून बाबांचे निरोप बहुतेक त्याच्याच फोनवरून येतात. देवू अजून कामावरून यायचा होता. दीपक आधी भाताच्या कापणीचं बोलला, मग घोटाळत म्हणाला की बाबांना आता फुंकवत नाही. पावसाळ्यात छाती धरली होती, ती सुटलीच नाही. दम टिकत नाही. उत्सव तोंडावर आलाय. पाड्यावरची दोन-तीन माणसं पावरी शिकायला बसलीत, पण बाबांना वाजवून दाखवता येत नाही आणि तोंडाने सांगून ते काही येत नाही.

मी विचारलं, "मग रे?"

"मग काय, काकू, मी म्हटलं मोबाइलवर ऐकवू. लावलं जीपमधी. निम्म्यात तो माणूस ओरडला. बाबा दचकलंच."

मी विचारलं, काय म्हणाले बाबा.

"म्हणले, हे देवानं नाय केलं. देवा असं करायचा नाय. त्याला इचार, त्याच्याकडं बिनओरडलेली असंल. ती घेऊन ये म्हणावं, पोरांना ऐकवायचीय." मग दीपक म्हणाला, "लय वाट बघतात हो. देवादादा रागावलेत का आमच्यावर?"

मी म्हटलं, रागावला नाही रे बाबा. देते निरोप, म्हणून फोन ठेवला.

देवू आला तेव्हा सांगणार होते. पण तो जेवला, पाणी प्यायला, "आई, दमलोय" म्हणाला आणि खोलीत गेला. दाराशी जाऊन मी परत फिरले. खरं तर माझ्या तोंडून सांगून काही उपयोग होईल असं मला वाटलं नाही. तो म्हणेल, तू माझी समजूत काढतेस. गेले काही आठवडे मी तेच तर करते आहे. माझं सगळं बोलणं त्याला आता समजुतीचंच वाटतं. बाबा असं म्हणाले, हे त्याने बाबांच्याच आवाजात ऐकायला हवं. दम लागत असला तरी त्यांच्याच.

शामसुंदरना उठवून विचारलं. ते म्हणाले, त्याने नको सांगितलंय ना, मग तू मध्ये पडू नकोस, मोठा झालाय तो. नेहमी मी हे ऐकते. पण डिस्कमध्ये आहे ते एकट्या देवूचं नाही. ज्याचा श्वास त्यात आहे त्याला न विचारता ते पुसायचं, हे देवूलाही पटणार नाही. त्याला फक्त माहीत नाही की म्हातारा मागतो आहे. तो समजतो की म्हातारा जाब विचारायला बसला आहे.

बंद झालेली कंपनी एका फोनने पुन्हा उघडणार नाही, हे मला कळतं. सोमवारी तो पुन्हा डबा घेऊन अंबडला जाईल. मला त्याला गॅरेजमध्ये परत पाठवायचंही नाही. मीही थकले आहे त्या पहाटेच्या जागरणांनी, नणंदेच्या बोलण्यांनी, मशीनच्या उत्तरांनी. पण उद्या वाल्मीक त्या डिस्क घेऊन गेला, तर देवू जन्मभर हेच धरून बसेल की यादवबाबांच्या मनातून आपण उतरलो.

दीपक सकाळी सहाला पहिली फेरी काढतो. त्याआधी फोन केला तर तो बाबांना टेकडीवर, रेंज मिळते तिथे, आणून बसवेल. देवू साडेसहाला चहाला येतो. बाबांना मी सगळं सांगणार आहे, कंपनी बंद झाल्याचंही, देवूने नको म्हटलं असलं तरी. तो रागावेल. रागावू दे. आधी दीपकला फोन लावायचा, बाबा लाइनवर आले की त्यांना बोलायला सांगायचं, आणि फोन देवूच्या हातात द्यायचा.