गुंजांची माळ

मुलांनो, ऐका. सकाळी शेजारची नीता गळ्यातली गुंजांची माळ दाखवायला आली. तांबडे, तकतकीत दाणे आणि प्रत्येकाला काजळाचा ठिपका, किती रेखीव! मी पाहतच राहिले, तोच तिच्या कडेवरच्या चिमुरडीने माळ तोंडात घातली.

“काढ, नीता! विष असतं त्यात!”

“काहीतरीच काय, आजी! झाडाच्या बिया आहेत, प्लास्टिक नाही!” ती हसली.

मी माळ हिसकावली. दोरा तुटला. पोरीच्या तोंडात बोट फिरवले. नशीब, एकही दाणा नव्हता.

पूर्वी सोनार गुंजेने सोने तोलत, इतकी ती विश्वासाची. टणक सालीआड तिचे विष कोंडलेले असते. ओवण्यासाठी आपण तिला भोक पाडतो आणि त्या विषाला आपल्याच हाताने वाट करून देतो.