व्होल्टेज उतरवलं म्हणून

मला अजून राग येतोय, खरं सांगते.

माझा लॅपटॉप सेकंडहँड. मांडीवर घेतला की दहा मिनिटांत चटके बसायचे आणि तासाभरात बॅटरी संपायची. कॉलेजच्या प्रोजेक्टचा डेमो दुपारी, नेमका भारनियमनाच्या वेळेत. कॉलेजचा जनरेटर फक्त ऑफिसपुरता. सव्वा तास मशीन टिकलं नाही तर माझं वर्ष गेलं.

मग मला कळलं की कंपनी प्रोसेसरला लागतं त्यापेक्षा जास्तच व्होल्टेज देऊन ठेवते आणि एका छोट्या सॉफ्टवेअरनं ते कमी करता येतं. चार दिवस तेच. जरासं उतरवायचं, तासभर जड गणितं करायला लावायची, मशीन अडकलं की एक पायरी वर. शेवटी लॅपटॉप गार राहायला लागला आणि बॅटरी एक तास वीस मिनिटं चालली. मी घरात नाचले.

त्याच भरात जेवताना वडिलांना, आण्णांना, सांगितलं, व्होल्टेज कमी केलं म्हणून. त्यांचा घास हातातच राहिला. विहिरीवरची मोटर लो व्होल्टेजनं दोनदा जळलेली आमची.

"येडे, व्होल्टेज उतरलं की मोटर जळती. आणि तू मुद्दाम उतरवलंस व्हय?"

"आण्णा, ही मोटर न्हाय."

"आत पंखा फिरतोय न्हवं? मग?"



डेमोच्या आदल्या दिवशी मी अंघोळ करून येते तर टेबल रिकामं. आण्णा लॅपटॉप पिशवीत घालून मोटरसायकलवरून कोल्हापुरात, ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याकडं. आणि त्या दुकानवाल्या पावण्यानं तरी मला एक फोन करावा की नाही? "पोरीनं सेटिंग बिघडवलंय" म्हणाला आणि सॉफ्टवेअरच उडवलं.

"घे, फुल्ल करून आणलंय," आण्णा म्हणाले. वर चहा पण मागितला.

आकडे वहीच्या मागच्या पानावर होते आणि सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर, म्हणून वाचले. दार लावून परत सगळं भरलं, परत तपासलं. घरात कुणाला सांगितलं नाही.

डेमोला सरांनी शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा बॅटरी चार टक्के होती. पास झाले.

आणि आण्णा आमच्या गडमुडशिंगीत गावभर सांगत फिरतात, "मी व्होल्टेज फुल्ल करून आणलं म्हणून टिकला. न्हायतर जळलाच हुता." परवा शेजाऱ्यांचा लॅपटॉप घेऊन त्याच दुकानात गेलते.