आई बेटावर गेली कशी?

या सदरातले चमत्कारिक अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आले. दुपारी डबा खाताना मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि दोघी खिदळायचो. मी बारामतीत एका दवाखान्यात एक्स-रे काढते, एकवीस वर्षं झाली. हाड मोडलंय की नाही ते फिल्म सांगते, पेशंट नाही — अशी माझी बुद्धी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. वडील जाऊन सात महिने झाले होते. आई सांगवीला भावाकडे असायची. रडणं नाही, भांडणं नाही, नुसती बसून राहायची. जन्मभर भाजीच्या वाफ्यांत वाकून राबलेली बाई, पण आता तिला जेवायलाही दोनदा हाक मारावी लागे. त्यात डावा कान पूर्ण गेलेला आणि उजव्याला मशीन. "माजं आता कुनाकडं काय काम न्हाय," एवढंच अधूनमधून म्हणायची. वजन तर इतकं उतरलं होतं की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या.

माझ्या नवऱ्याला — महेशला — गळ टाकून बसायचा नाद. तोच म्हणाला, "आईंना दोन दिवस उजनीवर नेऊ. हवापालट होईल."

भिगवणवरून सोलापूरच्या दिशेने जाताना पळसदेवच्या अलीकडे हायवे सोडायचा आणि डावीकडे कच्च्या रस्त्याने चार किलोमीटर. तिथे तात्या म्हणून एक मासेमारी करणारे गृहस्थ आहेत, साठी ओलांडलेले. पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी त्यांनी एक खोली बांधली आहे. दगडाच्या भिंती, वर पत्रा, पुढे मांडव, आत तीन बाजा, चूल बाहेर. मागे मोकळा माळ — चिंकारा हरणं अगदी मांडवापर्यंत येतात. पुढे पन्नास पावलांवर धरणाचं पाणी. आणि पाण्यात, समोर दूरवर, बाभळींनी भरलेलं एक लहान बेट. मधलं पाणी अर्धा किलोमीटर तरी असेल.

शनिवारी पोचलो. आई मांडवात बाजेवर बसली ती बसलीच. रोहित पक्ष्यांचा अख्खा थवा समोरून उडाला तरी तिने मान वर केली नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाली. महेश आणि तात्या पाण्याच्या कडेला गळ टाकून बसले. तात्यांची होडी त्यांच्या पायाशीच बांधलेली. आई बाजेवर पडली होती. मी आत जाऊन जरा आडवी झाले... डोळा लागला. उठले तेव्हा अडीच वाजले होते. बाहेर आले तर बाज रिकामी.

आधी वाटलं, मागे गेली असेल. मागे नव्हती. माळावर लांबपर्यंत कुणी नव्हतं. खिडकीत तिचं कानाचं मशीन तसंच पडलेलं, म्हणजे हाका मारूनही उपयोग नाही. मग लक्षात आलं, की पाण्याची स्टीलची बाटली जागेवर नाही. उरलेल्या दोन भाकऱ्या नाहीत. दोरीवर वाळत घातलेली माझी ओढणी नाही.

मी धावत पाण्याकडे गेले. "आई इकडं आली का?"

"न्हाय ओ ताई," तात्या उठलेच. "आमी हितनं हललोच न्हाय. हिकडं कोन आलं असतं तर दिसलं नसतं व्हय?"

महेश माळाकडे पळाला. तात्या काठाकाठाने चिखलात पावलं शोधू लागले. मी पाण्याकडे बघत उभी होते. माझ्या मनात तेव्हा काय येत होतं ते इथे लिहवत नाही. सात महिने जी भीती आम्ही भावंडं एकमेकांशी बोललो नव्हतो, तीच.

अर्ध्या तासाने महेश परत आला. पक्ष्यांसाठी आणलेली दुर्बीण त्याच्या गळ्यात होतीच. त्याने ती सहज पाण्यावरून फिरवली आणि बेटाकडे रोखून थांबला.

"वैशाली... आईंचं लुगडं हिरवंच होतं ना?"

मी दुर्बीण हिसकावून घेतली. बेटाच्या टोकाला, बाभळींपुढे, आई उभी होती. हातात माझी ओढणी. ती जोरजोरात हलवत होती.

तात्यांनी होडी काढली. वल्हवत जायला वीस मिनिटं लागली. होडी टेकायच्या आत आईचा आवाज आला — सात महिन्यांत न ऐकलेला, शेतात गड्यांना हाकारणारा खणखणीत आवाज.

"किती येळ गं! हितं मानूस मरायला टेकलंय अन् तुमी काय करताय तितं?"

बाभळींच्या मागे एक तिशीतला माणूस पडला होता. तात्यांनी लगेच ओळखलं, "आरं, ह्यो तर पलीकडचा पोपट!" आदल्या दिवशी सकाळी तो एकटाच जाळं काढायला आला होता. दगडावरून घसरला, नडगी मोडली. होडी वाऱ्याने वाहून गेली, फोन होडीतच. पाणी वीस पावलांवर, पण त्याला सरकता येईना. घरच्यांना वाटलं, भिगवणला बाजाराला जाऊन बहिणीकडे राहिला असेल. दीड दिवस तो तसाच पडून होता.

आईने त्याला थोडं थोडं पाणी पाजलं होतं. भाकरी पाण्यात कुस्करून चारली होती. दोन फोक लावून, लुगड्याचा काठ फाडून पाय बांधला होता, शेळीचा पाय बांधतात तसा. मी ते बांधलेलं बघितलं आणि हात लावला नाही. मला त्याहून चांगलं जमलं नसतं.

त्याला होडीत घेतल्यावर तात्यांनी आईच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आक्का, तुमी हितं आला कशा?"

"चालत."

"कुठनं चालत?"

"वाट न्हाय का ती? चांगली पायवाट हाय. दोन्ही अंगाला ज्वारी. कनसं हुरड्यावर आल्याली. मानूस वरडत व्हतं, म्हनून आले."

मी आईच्या पायांकडे बघितलं. चपलांवर कोरडी माती. लुगड्याचा घोळ कोरडा. तात्यांनी होडीतला बांबू उचलून पाण्यात सोडला. दोन पुरुष उंचीचा बांबू, अख्खा आत गेला तरी टेकला नाही.

"ताई," ते हळूच म्हणाले, "धरान व्हायच्या आदी हितं आमच्या आज्याची ज्वारी व्हती. मी ल्हानपनी पाखरं राखायला यायचो. वाट व्हती मदनं."

आई त्या भागात याआधी आयुष्यात कधी गेलेली नव्हती. माहेर कऱ्हाटी, सासर सांगवी.

पोपटला आमच्याच गाडीतून बारामतीला आणलं. तासभर आईने त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं. एक्स-रे मीच काढला. गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडलेली, पण फारशी सरकली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "पाय कुणी बांधला? शहाणा माणूस आहे." मी म्हणाले, "आईने." आई बाहेर बाकावर बसून, आम्ही आणून दिलेली वडापावची दुसरी प्लेट संपवत होती.

तात्यांनी दोन्ही काठांवर सगळ्यांना विचारलं. आईला कुणीही होडीतून सोडलेलं नव्हतं. महेश म्हणतो, कुठेतरी उथळ पट्टा असणार. पुढच्या महिन्यात तो आणि तात्या तीन तास बांबू घेऊन फिरले. पट्टा सापडला नाही.

चार महिन्यांनी पोपट काठी टेकत सांगवीला आला. डाळिंबं घेऊन. आईच्या पाया पडला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "आईला मशीनशिवाय शेजारचंही ऐकू येत नाही. तू किती मोठ्याने हाका मारत होतास?"

तो गोंधळला. "ताई, मी हाकच मारली न्हाय. पयल्या दिवशी वरडलो, मग घसा बसला. दुसऱ्या दिवशी आवाजच फुटंना. नुसता मनात म्हनत व्हतो, आई, पानी दे."

मी हे आईला तिच्या कानाशी जाऊन सांगितलं. ती डाळिंब फोडत होती. थांबली नाही.

"मंग त्येच ऐकलं असंल म्या."

एवढंच. ती आता धड जेवते, सुनेशी भांडते, कोपरापर्यंत सरकणाऱ्या बांगड्या पुन्हा मनगटावर बसल्यात. दर दोन-तीन महिन्यांनी पोपटच्या बायकोचा फोन येतो आणि आई मशीन लावून अर्धा तास ओरडून बोलते.

मला मात्र अजून काही उलगडा झालेला नाही. ती बेटावर गेली कशी, ते मी किती वेळा विचारलं असेल! परवा पुन्हा विचारलं, तर वैतागली.

"सारकं कशी गेलीस, कशी गेलीस! मानूस हातापायानिशी घरला गेला न्हवं? मंग खा की डाळिंब गप."